डॉलहाऊसचं छप्पर दर पावसाळ्यात उचकतंय, जोड परत परत सुटतोय? आधी गोंद बदलू नका

प्रॉब्लेम आधी नीट सांगते, म्हणजे तुमचाही तोच आहे का ते कळेल. लाकडी किटचं डॉलहाऊस, लेझरने कापलेले ३ मिमी प्लायचे तुकडे, खाचेत दात बसवून पांढऱ्या गोंदाने चिकटवायचे, बाहेरून रंग, आतून वॉलपेपर. बनवलं तेव्हा सगळं सरळ, फोटोबिटो काढून झाले, पाहुण्यांना दाखवून झालं, आणि महिन्या-दोन महिन्यांत छपराची कड वर उचलली गेली, एक भिंत आतल्या बाजूला वळली, कोपऱ्यातला जोड उघडला. तुम्ही परत गोंद भरला, कपड्यांचे चिमटे लावून दोन दिवस ठेवलं, बसलं. पंधरा दिवसांनी परत उघडलं. असं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. पहिल्याच दिवशी तुकडे खाचेत जात नसतील किंवा लाइट लागत नसेल तर ती भानगड वेगळी, तीही शेवटी थोडक्यात सांगितलीय.

आमच्याकडे हे दोन पावसाळे चाललं. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात, जुना वाडा, वरचा मजला. २०२३ च्या मे मध्ये लेकीच्या सुट्टीत हौसेने किट आणलं, सव्वाशेच्या आसपास तुकडे, सोबत फक्त चित्रांचा कागद. मला सुतारकामातलं ओ की ठो येत नव्हतं, अजूनही फार येतं असं नाही. जूनच्या शेवटाला घर उभं राहिलं, श्रावणात छपराच्या दोन्ही कडा वर आल्या. आमच्या ह्यांचं म्हणणं, गोंद हलका लागलाय. मग गोंद बदलला. मग अजून एक बदलला. तिसऱ्यांदा तो छोट्या ट्यूबमधला इन्स्टंट गोंद लावला, तर त्याने खिडक्यांच्या पारदर्शक शीटवर पांढरा धुरकट थर बसला तो आजतागायत आहे (हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्याची वाफ आसपास बसते, आणि दमट हवेत ते जास्तच होतं, म्हणून खिडक्यांजवळ तो वापरायचाच नाही, हे मला नंतर कळलं).

खरी गोष्ट लक्षात आली ती उत्तरायणाला. सगळे गच्चीवर पतंगात, मी खाली तिळाच्या वड्या थापत होते, आणि कपाटावरच्या डॉलहाऊसकडे सहज बघितलं तर छप्पर सरळ! दिवाळीनंतर मी त्याला हातही लावला नव्हता. ऑगस्टमध्ये ज्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सहज आत जायचं त्या फटीत आता साधा कागदही जाईना. आणि मग २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली, आमच्या मजल्यावर पाणी नाही आलं पण आठवडाभर घरात नुसता दमटपणा, कपडे वाळेनात, भिंतींना ओल, आणि छप्पर पुन्हा वर, कार्ड काय, दोन कार्डं एकत्र जातील इतकं. म्हणजे जे हिवाळ्यात आपोआप बसतं आणि पावसाळ्यात आपोआप उठतं त्याचा गोंदाशी संबंध असेलच कसा? गोंद तर तोच होता ना.

तर पहिली टेस्ट हीच. कार्ड घ्या, फटीत घालून बघा, पेन्सिलने तारीख घालून खूण करा, आणि महिन्याभराने परत बघा. घाई असेल तर घर दोन दिवस एसीच्या खोलीत ठेवा आणि मग बघा. फट कमी झाली तर दुखणं हवेचं आणि लाकडाचं आहे. अजिबात फरक नाही पडला तर मग जोडाकडे बघू.

आता असं का होतं. पापड वाळत घातलेत कधी? एक बाजू आधी वाळली की पापड त्या बाजूला वळतो, म्हणून आपण तो उलटतो. लाकूड हेच करतं, फक्त हळूहळू आणि वर्षभर. लाकडाने ओलावा घेतला की ते फुगतं, सोडला की आकसतं, आणि हे जवळपास सगळं रेषांच्या आडव्या दिशेत होतं, रेषांच्या लांबीत नाहीच्या बरोबर. प्लायमध्ये थर आडवे-उभे लावलेले असतात म्हणून एकमेकांना धरून ठेवतात, पण ३ मिमीची प्लाय म्हणजे तीन पातळ थर, त्यात जरा कमी-जास्त झालं की वळलीच. आणि हिशोब करून बघा, आमचं किट १:२४ मापाचं, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे अर्धा इंच, तर ३ मिमीची भिंत खऱ्या घरात ७२ मिमीची झाली, म्हणजे तीन इंचाच्या आतच. कुठला गवंडी तीन इंची भिंतीवर छप्पर टाकेल? १:१२ ची मोठी घरं सहसा ६ किंवा ९ मिमीच्या फळीची असतात म्हणून ती एवढी त्रास देत नाहीत. नवी दिल्ली आखणाऱ्या लट्येन्सने राणी मेरीसाठी १९२४ मध्ये जे डॉलहाऊस पूर्ण केलं, जे विंडसरला ठेवलंय आणि ज्यात नळाला खरं पाणी येतं, तेही १:१२ चंच. अर्थात त्याच्या वाट्याला बडोद्याचा श्रावण नव्हता.

आमच्या छपराचं काय झालं तर वरून मी रंगाचे तीन हात दिले, हौस म्हणून वर वॉर्निशही मारलं, आणि खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरी ठेवली. वरची बाजू बंद, खालची उघडी. इथे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, ती सगळी खालच्या कोऱ्या बाजूने प्यायली, खालची बाजू फुगून मोठी झाली, वरची तेवढीच राहिली, मग छप्पर मधे खाली आणि कडांना वर असं वळणारच. जोडाची ताकद किती का असेना, लाकूड जोर लावतं तेव्हा गोंद किंवा रंग, जे कमजोर असेल ते सुटतं.

भिंतीचं उलटं. तिथे आतून वॉलपेपर होता. कागद गोंदाने ओला झाला की ताणतो, वाळताना आकसतो आणि आकसताना भिंतीला स्वतःकडे ओढतो. म्हणून भिंत कागदाच्या बाजूला आत वळली. हे मला रावपुऱ्यातल्या फ्रेमवाल्याने एका वाक्यात सांगितलं. मी दुसराच फोटो मढवायला गेले होते, बोलता बोलता विषय निघाला तर तो म्हणाला, "बेन, पाछळ कागळ नथी लगाड्यो?" मागच्या बाजूला कागद नाही लावला का. पुठ्ठ्यावर एका बाजूला काही डकवलं की ते लोक मागेही कागद डकवतात, दोन्हीकडून सारखी ओढ, पुठ्ठा सरळ. पुस्तकं बांधणारेही हेच करतात. एवढी साधी गोष्ट किटवाल्यांच्या चित्रात कुठेच नव्हती.

म्हणजे सगळ्याचं मूळ एक, एका बाजूला जे केलं ते दुसऱ्या बाजूला नाही केलं.

आता दुरुस्ती. आधी उघडलेला जोड नीट बघा, चष्मा लावून बघा, कारण तो बघितल्यावर अर्धं कळतं. लाकडाचे तंतू उचकटून आलेले दिसले तर तुमचा गोंद उत्तम होता, लाकडाच्या जोरापुढे त्याचं चाललं नाही. गोंदाचा गुळगुळीत चकचकीत थर दिसला, लाकूड स्वच्छ, तर गोंद लावल्यावर जोडायला उशीर झाला किंवा लेझरची काळी काजळी न घासता त्यावरच लावला. आणि गोंदाला रंगाचा पापुद्रा चिकटून आला असेल तर तुम्ही लाकूड चिकटवलंच नव्हतं, रंग चिकटवला होता. माझं तिसरं होतं. आधी सगळं रंगवून घेतलं कारण नंतर कोपऱ्यात ब्रश जात नाही, शहाणपणा केला, आणि दात-खाचा पण रंगवल्या.

जुना गोंद पूर्ण खरवडून काढायचा. हे मी दोनदा टाळलं आणि दोनदा पस्तावले. वाळलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा पांढरा गोंद नीट धरत नाही, तो लाकडात मुरला तरच धरतो, आणि जुन्या थरातून तो मुरणार कसा. म्हणजे तुम्ही फटीत जितक्यांदा नुसता गोंद भरता तितका पुढचा जोड अजून कमजोर होतो. जे जोड अर्धवट सुटलेत ते पूर्ण सोडवून घ्या, हेअर ड्रायरने गरम करा, पांढरा गोंद गरम झाला की मऊ पडतो, मग बोथट सुरी हळू सरकवा. घाई केली तर प्लायचा वरचा थर सुटून येतो, आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तसं झालंय, तिथे आता एक छोटी कुंडी उभी केलीय.

मग वळलेला तुकडा सरळ करायचा. इथे सगळे सांगतात की ओला करून वजन ठेवा. ते बरोबर आहे पण कोऱ्या तुकड्यासाठी. किटच्या डब्यातूनच वाकडा आलेला कोरा तुकडा असेल तर त्याची खोलगट बाजू, वाटीसारखी आत गेलेली, ती ओल्या फडक्याने नुसती पुसायची, दोन सपाट फळ्यांत दाबायचा, वर वजन, दोन दिवस. आम्ही पोळपाट आणि गव्हाचा डबा ठेवतो, तुम्ही काहीही ठेवा. वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते, कोरा कागद घाला आणि सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर ओलावा आतच राहतो.

पण माझ्या छपराची खोलगट बाजू होती रंगवलेली, ती पाणी पिणार नाही. तिथे उलट करावं लागतं, फुगलेली कोरी बाजू वाळवायची. एसीच्या खोलीत दोन दिवस, किंवा हेअर ड्रायर लांबून, फिरवत फिरवत, एका जागी धरला तर वेगळंच वळण येतं. सरळ झालं की दाबून ठेवायचं आणि मग लगेच ती कोरी बाजू बंद करायची. हे "लगेच" महत्त्वाचं आहे, मी रविवारी सरळ केलं आणि पुढच्या रविवारी सील लावायला बसले तोवर ते परत वळलं होतं. आणि शक्यतो हे काम दिवाळीनंतर करा, इथली डिसेंबर-जानेवारीची हवा कोरडी असते. भर पावसाळ्यात सील केलंत तर फुगलेलं लाकूड तसंच डबाबंद कराल, आणि हिवाळ्यात ते उलट्या बाजूला वळायला बघेल.

सील म्हणजे काय लावायचं, तर मी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावली. तिच्यात पाणी नाही म्हणून लावताना लाकूड फुगत नाही, अर्ध्या-पाऊण तासात वाळते, दुसरा हात देता येतो. संखेड्याचं फर्निचर बघितलंय ना, आपल्याकडचे झोपाळे-पाळणे, त्यावर पूर्वीपासून लाखच असते. तयार सँडिंग सीलरही चालतो, पण पाण्यातला घेऊ नका. खिडकी उघडी ठेवा, आणि स्पिरिट पटकन पेट घेतं तेव्हा देवघरातला दिवा लागलेला असताना त्या खोलीत हे करू नका. दोन्ही बाजूंना सारखे हात, आणि कडांना एक जास्त, कारण कडा सगळ्यात जास्त पितात. तुमचं किट एमडीएफचं (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचं) असेल तर कडांकडे दुप्पट लक्ष द्या, एमडीएफला रेषा नसतात म्हणून ते प्लायसारखं आडवंतिडवं वळत नाही पण कडेला पाणी लागलं की ब्रेडसारखं फुगतं आणि परत बसत नाही. लाखेने ओलावा पूर्ण थांबत नाही हेही सांगून ठेवते, फक्त दोन्हीकडून सारखा आणि सावकाश आत जातो, आपल्याला तेवढंच हवंय.

सीलच्या आधी दात आणि खाचांवर मास्किंग टेप लावा, तिथे कोरं लाकूड राहायला हवं, म्हणजे गोंद मुरेल.

भिंतीसाठी मी सील नाही केलं, आतला वॉलपेपर लेकीने निवडलेला, निळ्या फुलांचा, तो काढायला तिने नकार दिला. मग बाहेरून रंग घासून काढला आणि तशाच जाडीचा साधा कागद बाहेरच्या बाजूला डकवला, गोंद पातळ हाताने पण सगळीकडे, तो वाळताना भिंतीला बाहेर ओढत गेला आणि भिंत जवळजवळ सरळ झाली. जवळजवळ म्हणते कारण पट्टी लावली तर अजून पोट जाणवतं. वरून परत रंग दिला, दिसत नाही. छपराखाली पण सील झाल्यावर गिफ्ट पेपर लावला, तो मुलीला आवडला हा बोनस.

चिकटवताना कोपरा काटकोनात आहे का ते गुण्याने बघा, गुण्या नसेल तर दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की चौकोन बरोबर. कोपऱ्यात आतून चौकोनी काडी चिकटवली तर जोडाला दुप्पट जागा मिळते, आम्ही आइस्क्रीमच्या काड्या कापून दोन-दोन एकावर एक चिकटवल्या. गोंद पातळ लावायचा, बाहेर ओघळला म्हणजे जास्त झाला, आणि जाड थर जास्त घट्ट बसतो हा गैरसमज आहे. अर्धा-पाऊण तास दाबून, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात तर दोन दिवस, दमट हवेत पांढऱ्या गोंदातलं पाणी जायलाच वेळ लागतो.

जे अजून सुरुवातच करतायत त्यांच्यासाठी क्रम वेगळा, आणि सोपा. डबा उघडल्यावर सगळे तुकडे पेन्सिलने नंबर घालून घ्या, गोंद न लावता नुसत्या टेपवर अख्खं घर एकदा उभं करा, मग सोडवा, काजळी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासा, दात-खाचा झाका, दोन्ही बाजू सील करा, दाबून वाळवा, मग रंग, मग वॉलपेपर, मग जोडणी. कंटाळा येतो, मान्य आहे, मुलं विचारत राहतात की घर कधी होणार. त्यांना तोवर फर्निचर करायला द्या.

बाकीच्या तक्रारी पटकन. दात खाचेत जात नाही तर हातोडी नको, रंगाचा थर किंवा फुगवटा असतो, दात घासा, खाच नाही, खाच मोठी झाली की कमी करता येत नाही. वॉलपेपरला बुडबुडे येतात तर गोंद कागदाला नाही, भिंतीला लावा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे ओढा. लाइट लागत नाही तर आधी तीन व्होल्टची बटण बॅटरी उलटी करून बघा, एलईडीला उलटसुलट चालत नाही, आणि त्या केसासारख्या तारेवर पारदर्शक लेप असतो, टोकाचा लेप पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय करंट जाणारच नाही. आणि हे सगळं कागद लावायच्या आधी तपासा, आमच्या वरच्या बेडरूमचा दिवा कागदाखाली कायमचा बंद आहे. बटण बॅटरी लहान मुलांच्या हातात देऊ नका, गिळली तर जिवावर बेतू शकतं.

जागेबद्दल एक. आधी आमचं घर बाहेरच्या भिंतीला टेकून कपाटावर होतं, त्या भिंतीला ओल येते, आणि पावसाळ्यात त्याच खोलीत कपडे वाळत घालायचो, म्हणजे आपणच त्याला पाणी पाजत होतो. आता आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या काचेच्या बंद कपाटात काम करतात, उघड्यावर ठेवून काही उपयोग नाही.

ही दुरुस्ती मी २०२४ च्या डिसेंबरात केली. २०२५ च्या श्रावणात कार्ड घेऊन बसले, छपराच्या तीन जोडांत गेलं नाही, चौथ्यात कोपरा जेमतेम शिरला. गौरींच्या आरासीत मग ते घर मांडलं, दरवर्षीच्या भातुकलीच्या शेजारी. एकच झालं, पुढचं दार बंद होईना, चौकटीत घट्ट बसलं. ह्यांनी लगेच पॉलिश पेपर काढला, मी हिसकावून घेतला. आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा दर पावसाळ्यात असाच अडकतो आणि एका वर्षी तो भर जुलैत रंधून घेतला होता, तेव्हापासून हिवाळ्यात त्याच्या फटीतून मांजर ये-जा करते. डॉलहाऊसचं दार नोव्हेंबरपर्यंत उघडंच ठेवा, तेव्हाही घासत असेल तरच घासा.